चौकटीचा खिळा

समुद्रात उभा राहणारा दरवाजा आम्ही बारामती एमआयडीसीतल्या शेडमध्ये करत होतो. माहेरी हे सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाला, "समुद्रात दरवाजा कशाला? मासे बेल वाजवणारेत का?" मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. काही माणसांना समजावण्यापेक्षा जेवायला वाढणं सोपं असतं.

तुम्हाला मात्र सांगते. समुद्रातल्या पवनचक्कीचा मनोरा म्हणजे जाड पोलादी प्लेटची उंच पोकळ नळी. आत शिडी असते, लिफ्ट असते, केबली असतात. दुरुस्तीची पोरं बोटीनं येतात आणि पायथ्याच्या दारातून आत शिरतात. नळीला दारासाठी भोक पाडलं की ती तिथं अधू होते, म्हणून त्या भोकाला चार बोटं जाडीची, लांबट गोल चौकट बसवतात. मनोऱ्यातून खाली येणारा सगळा ताण त्या चौकटीला वळसा घालून जातो. मनोरा दक्षिणेकडच्या एका बंदरावर तयार होत होता आणि चौकट आमच्याकडं.

माझं काम चुका काढण्याचं. वेल्डिंगचा प्रत्येक जोड मी तपासते आणि माझी सही झाल्याशिवाय माल शेडबाहेर जात नाही. हेच काम मी घरीही करते, फक्त तिथं त्याचा पगार नाही, असं सासूबाई म्हणतात.

पोलाद एका दणक्यानं सहसा मरत नाही. सासुरवाशीण एखादं मोठं भांडण पचवते, पण रोजची टोचणी तिला आतून चिरत नेते, तसंच मनोऱ्याचंही आहे. वारा त्याला ढकलतो, लाटा हलवतात, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. मग एक दिवस चीर पडते. ती चीर सुरू होते एखाद्या बारीकशा जुन्या जखमेपासून, म्हणून चौकटीला जखम होऊ द्यायची नाही हा या कामातला पहिला नियम. मी पाटीच लिहून लावली होती: ‘ड्रॉइंगबाहेर वेल्डिंगचा एक टाकाही चालणार नाही. वेल्डिंगचा रॉड चुकून टेकला तरी मला सांगा.’

आता दत्तोबा सुतार यांच्याबद्दल. शेडमध्ये ते फोरमन आणि घरी माझे सासरे, सगळ्यांचे आबा. त्यामुळे मला अष्टौप्रहर त्यांचा मान राखावा लागतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला कधी कंटाळा आला नाही. लग्नानंतर मी कामावर जायचं की नाही याची घरात चर्चा सुरू झाली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "उद्यापास्नं माझ्या गाडीवर मागं बसायचं." चर्चा तिथंच संपली. माझा नवरा रणजित नोकरीसाठी पुण्यात राहतो आणि शनिवारी येतो. आठवडाभर लोणी भापकर ते एमआयडीसी हा रस्ता मी आबांच्या पाठीमागं बसूनच केला आहे.

आबांचे वडील, ज्यांना ते दादा म्हणत, गावचे सुतार. लोणी भापकरातली निम्मी दारं त्यांच्या हातची. घराची चौकट उभी केली की तिची पूजा व्हायची. हळदकुंकू लागायचं, आणि वरच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर सुतार आपल्या हातानं शेवटचा खिळा ठोकायचा. त्या खिळ्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं की चौकट मालकाची झाली, तोवर ती सुताराची. आबांनी लाकूड सोडून लोखंड धरलं, पण वडिलांच्या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत.

या कामासाठी गिऱ्हाईक कंपनीनं आबांची दोनदा परीक्षा घेतली आणि मग वेल्डरचं कार्ड दिलं. त्यावर फोटो, नाव आणि कोणत्या कामाची परवानगी आहे ते. आबा ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे. लग्नाला गेले तरी कार्ड बरोबर असायचं. पहिली चौकट पास झाली तर पुढच्या अकरा आमच्याकडं येणार होत्या, आणि त्या अकरांचा मुख्य वेल्डर आबांनाच करायचं असं मालक वसंतरावांनी ठरवलं होतं. अट एकच होती. चौकटीवर न सांगता कुणी वेल्डिंग केलं तर त्याचं कार्ड रद्द. ही अट आबांना मीच वाचून दाखवली होती.

चौकट पूर्ण झाली. मी सगळे जोड तपासले, सही केली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका कामासाठी तपासणीचं मशीन आणायला पुण्याला गेले. त्या दिवशी इकडं पूजा झाली आणि संध्याकाळी चौकट ट्रकवर चढली.

शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी मला फोनवर पूजेचे फोटो दाखवले. माझ्या सासूबाईंचं नाव इंदिरा, आणि फोटो दाखवायचा म्हटला की त्या तो फोन आपल्या हातातून सोडत नाहीत. चौकट उभी, पुढं रांगोळी, आबा नवी टोपी घालून हात जोडलेले. वर तोरण.

"किती छान," मी म्हणाले, आणि मग विचारलं, "आई, हे तोरण मधे कशाला अडकवलंय?"

"कशाला म्हंजी? खिळ्याला."

मी फोन त्यांच्या हातातून घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. वरच्या कमानीच्या मध्यावर, जिथं मी सही करायच्या आधी तळहात फिरवून पाहिलं होतं, तिथं बोटभर लांबीची लोखंडी खुंटी होती. पोलादाला लोखंड कसं चिकटतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आबा गोठ्यात होते. मी फोटो पुढं धरला.

"व्हय," ते म्हणाले. "खुंटी टाकली व्हती. पूजा झाल्यावर कापली, घासली, वरनं रंगाचा हात मारला. हात फिरवून बघ, लागायची सुदिक न्हाय."

"पाटी वाचली होती ना तुम्ही?"

"वाचली व्हती की."

"मग?"

"आगं, ते काय काम व्हतं व्हय? ती पूजा व्हती."

मला इतका राग आला की गाय दावणीला मागं सरली. राग आबांवर होताच, पण त्याहून जास्त राग आला तो त्यांचं म्हणणं मला समजत होतं याचा. त्यांच्या मनात वेल्डिंग वेगळं आणि खिळा वेगळा होता. खिळा ही वडिलांची गोष्ट होती. पोलादाला यातलं काही कळत नाही. थंड, जाड प्लेटवर अचानक एवढासा जाळ लावला की आजूबाजूचं पोलाद ती ऊब झटक्यात ओढून घेतं आणि तो ठिपका काचेसारखा कडक होतो. मग तो आपोआप तडकतो, कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या. वरून घासलं तरी ठिपक्याची मुळी आत राहते.

सासूबाई मागोमाग आल्या होत्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या. "रंग मारलाय, गाडी गेलीय. कुनाला कळनार हाय?"

"मला कळलंय, आई."

"तू घरचीच हाईस."

"तीच तर पंचाईत आहे."

आबांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला आणि परत खाली आला. मी बोलले तर ते कार्ड जाणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी गप्प बसले तर ती चौकट मनोऱ्यात बसणार आणि कुणाची तरी पोरं तिच्यातून आतबाहेर करणार, हे मात्र त्या गोठ्यात फक्त मला दिसत होतं.

मी ट्रकवाल्या आरिफला फोन लावला. आरिफ इंदापूरचा. दक्षिणेला जाताना तो वाटेत घरी एक मुक्काम करतो, आणि त्या दिवशी जुम्मा होता.

"नमाज पडून, जेवून निगनार, म्याडम," तो म्हणाला. "का? काय ऱ्हायलं का?"

"निघू नकोस. आम्ही येतोय."

आम्ही म्हटल्यावर आबांनी हातपाय धुतले आणि गाडी काढली. वाटेत शेडमधून मी माझी पिशवी घेतली. तीत पांढऱ्या रंगाचा फवारा, लोखंडाच्या भुकटीचं काळं पाणी आणि घोड्याच्या नालेसारखं मोठं चुंबक. चीर शोधायला एवढं पुरतं. पोलादाला चुंबक लावून काळं पाणी मारलं की जिथं चीर असेल तिथं भुकटी जमते आणि डोळ्यांना न दिसणारी गोष्ट काळ्या रेघेत दिसायला लागते. आबांनी बॅटरीचं ग्राइंडर घेतलं. कशाला ते मी विचारलं नाही.

लासुर्ण्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो तेव्हा आबा मान किंचित वळवून म्हणाले, "दादानं जन्मभर चौकटींना खिळं ठोकलं. येक तरी घर पडलं का?"

"घर हलत नाही, आबा."

आबांनी मान पुढं वळवली आणि हॉर्न वाजवून ट्रॅक्टर मागं टाकला.

आरिफनं ट्रक हायवेच्या कडेला, ओळखीच्या टायरवाल्याच्या दुकानासमोर लावला होता. पूजेतलं तोरण त्यानं केबिनच्या काचेवर बांधलं होतं. पानं सुकून वळली होती. "आबानीच दिलं," तो मला म्हणाला. "लांबचा परवास हाय, आसू दे म्हनले."

चौकट ट्रकवर आडवी होती. आम्ही तिघं वर चढलो. मी आबांना म्हटलं, जागा दाखवा. आबांनी कमानीवर हात फिरवला, मग चष्मा लावून पाहिलं, मग पुन्हा हात फिरवला. त्यांना जागा सापडेना. इतकं सफाईदार काम त्यांनी केलं होतं. दुसऱ्या कुणी घासलं असतं तर कुठंतरी खड्डा, कुठंतरी रंगाचा फरक राहिला असता. मला त्या क्षणी त्यांच्या हाताचं कौतुकही वाटलं आणि भीतीही.

शेवटी त्यांनी आरिफकडून दोरा मागितला. तोरणाचा दोराच आरिफनं सोडून दिला. आबांनी तो कमानीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला, दोन्ही टोकं जुळवून दुमडला आणि परत लावला. दुमडीवर बोट ठेवून म्हणाले, "हितं. सुताराचा खिळा मध्यावरच आसतो."

मी रंग खरवडला, पांढरा फवारा मारला, वाळू दिला. चुंबक टेकवलं, वरून काळं पाणी सोडलं. पाणी ओघळून गेलं आणि पांढऱ्यावर एक रेघ राहिली. नखाएवढी लांब, केसाएवढी बारीक. मी पुसून पुन्हा केलं. रेघ तिथंच होती.

आबा खाली वाकून पाहत राहिले.

"येवडीशी?"

"आज एवढीशी. अजून समुद्र बघितला नाही तिनं."

आबा चौकटीच्या कडेवर बसले. हायवेवरून सोलापूरच्या गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीबरोबर आमचा ट्रक किंचित डुलत होता. आबांनी ग्राइंडर मांडीवर घेतलं.

"हे आत्ता घासून काढतो. रेघ जाईपोतर. पाच मिंटाचं काम हाय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "जाईल का तशी?"

"जाईल बहुतेक. जाडी पुरेशी आहे."

"मंग?"

"मग ते न सांगता केलेलं दुसरं काम होईल. आणि बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. किती खोल गेलं, कडक ठिपका पूर्ण निघाला का, जाडी किती उरली, हे शेडमध्ये मोजायला लागतं. कंपनीच्या साहेबाला सांगायला लागतं. कुणी केलं तेही सांगायला लागतं."

हे बोलताना माझा आवाज सरळ राहिला याचं मला आजही आश्चर्य वाटतं. गिऱ्हाईक कंपनीचे इंजिनिअर पुष्कर साहेब, त्यांचा नंबर मी काढला. काढला आणि बोट तसंच राहिलं. सांगायचं वाक्य तयार होतं: ‘आमच्या फोरमननं परवानगीशिवाय टाका मारला.’ पण फोरमन समोर बसले होते, नवी टोपी घालून, आणि त्यांच्याच गाडीवर मागं बसून मी तिथवर आले होते. मला ते वाक्य उच्चारवेना. मी रागीट आहे, तोंडाळ आहे असं सगळे म्हणतात. माझं तोंड नेमकं तेव्हा उघडेना.

आबांनी हात पुढं केला. "आन हिकडं."

"आबा, मी सांगते."

"तू कशाला? खिळा सुताराचा."

त्यांनी फोन कानाला लावला. "नमस्कार साहेब. मी दत्तोबा सुतार, बारामतीस्नं. चौकटीला टाका मी मारला. पूजंसाठी मारला, कुनाला इचारलं न्हाय. कापून, घासून, रंग लावून झाकला बी मीच. म्याडमनी पाटी लिवली व्हती, ती मी वाचली व्हती. आता तितं चीर दिसतीया." मग ते ऐकत राहिले. "व्हय. व्हय. न्हाय साहेब, दुसऱ्या कुनाचा हात न्हाय त्याच्यात. व्हय, देतो."

फोन मला परत देऊन त्यांनी खिशातून ते प्लास्टिकचं पाकीट काढलं. "ह्ये तुज्याकडं जमा करायचं म्हनले."

मी ते घेतलं. पाकीट त्यांच्या छातीच्या उबेनं गरम होतं. मला रडू आलं आणि मी रडले. हायवेवर कोण कुणाकडं बघतं.

आरिफला वेल्डिंगमधलं काही कळलं नव्हतं, पण बाकी सगळं कळलं होतं. "आबा," तो म्हणाला, "गाडी माघारी वळवतो. पर आदी जेवायचं. घरात सांगितलंय मी." आम्ही त्याच्या घरी जेवलो. आबांनी दोनदा वाढून घेतलं. मला घास उतरेना, तेव्हा तेच म्हणाले, "खा. आन्नावर राग काडू ने."

चौकट शेडमध्ये परत आली. थोडं थोडं घासायचं, चुंबक लावायचं, पुन्हा घासायचं, असं करत एकदा रेघ निघून गेली. जाडी मर्यादेत राहिली. खड्डा उथळ बशीसारखा गुळगुळीत केला. पुष्कर साहेब स्वतः आले, त्यांनी पुन्हा सगळं तपासलं आणि चौकट पास केली. ते घासणं आबांनी केलं नाही, त्यांना परवानगी नव्हती. ते गेटजवळच्या बाकावर पाठ करून बसले होते. ग्राइंडरचा आवाज बदलला की त्यांची मान हलायची.

अकरा चौकटींची ऑर्डर आली. मुख्य वेल्डर दुसरा झाला. आबा शेजारच्या शेडमध्ये दूधडेअरीच्या टाक्या करू लागले. गावात बोललं गेलं की शिकलेल्या सुनेनं सासऱ्याचं कार्ड काढून घेतलं. सासूबाई महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. आबा मात्र रोज सकाळी गाडीचा हॉर्न वाजवत राहिले आणि मी मागं बसत राहिले.

दुसरी चौकट तयार झाली. पूजा करायची की नाही यावर पोरं कुजबुजत होती. जणू पूजेनंच घात केला होता. वसंतराव म्हणाले, "पूजा होणार. देवानं टाका मारा म्हणून सांगितलं नव्हतं." रांगोळी झाली, हळदकुंकू झालं, आणि तोरणापाशी सगळे थांबले. कुणी म्हणालं क्रेनला बांधू, कुणी म्हणालं जमिनीवर ठेवू.

तेवढ्यात शेजारच्या शेडमधून आबा आले. हात धुतलेले, डोक्याला टोपी. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दोरा घेऊन कमानीपासून थोडं अंतर राखून धरला, दुमडून मध्य काढला, चौकटीला बोटही न लावता. मग लाकडी स्टूल ओढलं, त्यावर चढले, तोरणाचा मध्य दोन्ही हातांत धरून वर केला आणि तसेच उभे राहिले.

"करा सुरू," ते म्हणाले.

आरती सुरू झाली. आमच्या शेडमध्ये आरती एकीवर थांबत नाही. पहिली संपली, दुसरी सुरू झाली. आबांचे दंड थरथरायला लागले, मग तोरणाची पानं. वसंतराव माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "वैदेही, तुझं ते चुंबक आहे ना? त्याला लटकवता येईल की."

चुंबक माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. त्यानं पोलादाला ओरखडाही पडला नसता. मी आबांकडं पाहिलं. त्यांनी मान ताठ ठेवली होती आणि हात कोपरातून वाकू दिले नव्हते.

मी पिशवीची चेन ओढून बंद केली आणि टाळ्या वाजवत राहिले.